धुऱ्यावरची तार

मेडशी, २० ऑगस्ट

प्रिय वैजू,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर मिळालं, आतल्या राखीसकट. शिपायाने ते सगळ्या स्टाफसमोर माझ्या हातात दिलं आणि माहेरचं का मॅडम, म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. नणंदेचं पत्र लपवून वाचणारी भावजय या तालुक्यात मी एकटीच असेन. साऱ्या जगात आपल्या नात्याचं हाडवैर, आणि आपण दोघी तुझ्या दादांच्या पाठीमागे टपालाचा धंदा चालवतोय.

फोन कर म्हणतेस. घरातला फोन त्यांच्याच खिशात असतो, हे एक. दुसरं म्हणजे फोनवर कोणी 'सगळं ठीक ना?' असं विचारलं की माझ्या तोंडून आपोआप 'हो' निघतं. लिहिताना खोटं बोलायला निदान थोडा वेळ तरी लागतो.

राखी मी दादांना दिली नाही. तू हक्कसोडीवर सही केली नाहीस, आपल्या वाट्याचं वावर वेगळं करून मागितलंस, तेव्हापासून या घरात तुझं नाव घेतलेलं त्यांना चालत नाही. आईंच्या हातात दिली. त्यांनी ती देव्हाऱ्यात नेऊन ठेवली आणि भाकरी थापायला बसल्या. तुझ्या आईचं बोलणं तुला माहीतच आहे, शब्दाला सोन्याचा भाव.

आता तुझा अभ्यास. 'टर्न अ ब्लाइंड आय' याचा अर्थ तू 'आंधळा डोळा वळवणे' असा लिहिला आहेस. परदेशातल्या दवाखान्यात नोकरी हवी असेल तर असं भाषांतर करू नकोस. आपल्याकडे याला कानाडोळा म्हणतात, डोळेझाकही म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की एका इंग्रज दर्यासारंगाचा एक डोळा अधू होता. लढाईत माघार घे, असं निशाण वरिष्ठाने दाखवलं. याने दुर्बीण मुद्दाम अधू डोळ्याला लावली आणि मला तर काही दिसत नाही म्हणाला. खरी का रचलेली देव जाणे, पण गोष्ट सांगितली की पोरं अर्थ विसरत नाहीत.

उपयोगात मात्र एक मेख आहे. ज्याला ठाऊकच नव्हतं, त्याच्याबद्दल हा वाक्प्रचार वापरता येत नाही. आधी दिसलं पाहिजे. वर्गात एक पोरगी म्हणाली, म्हणजे मांजर डोळे मिटून दूध पिते तसं का? मी म्हटलं, नाही. मांजर स्वतः चोर असतं. इथे चोरी दुसरा करतो आणि डोळे आपण मिटतो. तुझ्या कामातलं उदाहरण घे. वॉर्डबॉय दारू पिऊन येतो हे सिस्टरला माहीत होतं, पण तिने 'टर्न्ड अ ब्लाइंड आय'. अशी पाच वाक्यं करून पाठव, तपासून देते.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, धुऱ्यावर तार कसली ओढली? तुझ्या बटईदार रूपलाने फोनवर सांगितलं असणार. अगं, रानडुकरांनी या वर्षी उच्छाद मांडलाय. रात्रीतून सोयाबीनच्या ओळीच्या ओळी उकरून ठेवतात. म्हणून आपल्या आणि तुझ्या वावराच्या मधल्या धुऱ्यावर दादांनी बांबूच्या काड्या रोवून गुडघ्याएवढी तार ओढली. झटका मशीन आहे, उन्हावर चालतं. गावात घरोघरी आहे. मी स्वतः बोट लावून पाहिलं. मुंग्या आल्या आणि मी किंचाळले, यावर तुझे दादा दोन दिवस हसत होते. रूपला आणि कमलीबाई, नवरा-बायको दोघं मिळून, तुझं वावर बटईने छान करताहेत. तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस, अभ्यास कर.

सगळं ठीक.

तुझी,
उज्ज्वला वहिनी


मेडशी, ४ सप्टेंबर

प्रिय वैजू,

एवढं मोठं पाकीट आणि आत एकच ओळ. 'रूपलाची बकरी कशाने मेली?'

पोळा नुकताच झाला. पुरणपोळ्या केल्या, बैल दारोदार फिरले, आईंनी त्यांचे पाय धुतले. असं काहीबाही लिहून पान भरणार होते. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

बकरी तारेने मेली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी झटका मशीनच होतं. मग पावसात त्याची बॅटरी बसली. दुरुस्तीला माळेगावला न्यायचं म्हणत राहिले आणि एका संध्याकाळी दादा विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीशी काहीतरी खुडबूड करताना दिसले. आपलं घर वावरातच, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पेटी समोर दिसते. त्यांनी पेटीतून एक तार काढली आणि धुऱ्यावरच्या तारेला नेऊन जोडली. तुला मी समजावून सांगायला नको. शेतातली लाइन एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की ते दिवस मावळता तार जोडतात आणि सकाळी उठून काढतात. ज्या घटकेला लाइन येते, त्या घटकेला तार जिवंत होते. मोटार ओढणारा करंट आहे तो. मुंग्या येणार नाहीत.

पहिल्याच आठवड्यात एक डुक्कर मेलं. दादांनी ते ओढून नाल्यात टाकलं. मग रूपलाची गाभण बकरी दावं तोडून संध्याकाळी धुऱ्यावर गेली. कमलीबाईला तांड्यावरच्या लोकांनी सांगितलं, पान लागलं असेल, पावसाळ्यात साप निघतातच. ती मला विचारायला आली. ओसरीत उभी राहून म्हणाली, "बाई, साप चावला तं तोंडाले फेस येते ना? हिच्या पायाले काळा वळ हाय."

मी तिला चहा दिला.

आता तुला कळलं असेल की मी तुला शिकवलेला अर्थ मलाच कसा लागू झाला. तू विचारशील, बोलली का नाहीस? बोलणार आहे. घरात महालक्ष्म्या यायच्या आहेत, पाहुणे यायचे आहेत, सणासुदीत तोंड वाकडं नको. ते झालं की बोलते.

रूपलाला सांग, दिवस मावळल्यावर धुऱ्याकडे जाऊ नको म्हणावं. माझं नाव घेऊ नकोस.

उज्ज्वला


मेडशी, १५ सप्टेंबर

प्रिय वैजू,

बोलले.

महालक्ष्म्यांचं जेवण झालं, पाहुणे पांगले आणि दुपारी दादा सुपारी कातरत बसले होते तेव्हा विषय काढला. भांडायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, अहो, बकरीच्या जागी माणूस असतं तर? त्यांनी सुपारी तोंडात टाकली. म्हणाले, "डुकरासाठी हाय थे. मानसानं कायले जावं रातच्या वक्ती दुसऱ्याच्या धुऱ्यावर?"

मी म्हटलं, धुरा दुसऱ्याचा कसा? अर्धा वैजूचा आहे. तुमच्या काड्या तर सगळ्या तिच्याच बाजूला रोवलेल्या आहेत.

तिथे माझं चुकलं. तुझं नाव निघालं आणि त्यांचा चेहरा बंद झाला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिनं सही केली असती तं तिथं धुराच नसता. एक वावर होतं. बाबानं एक ठेवलं होतं. आता ज्याले धुरा पायजे त्यानं धुरा सांभाळावा." मग पेटीकडे गेले. त्या दिवशी लाइन यायला अजून खूप अवकाश होता, तरी तार जोडून आले.

वैजू, तुझे दादा वाईट नाहीत. बाबांच्या आजारपणात त्यांनी बाबांना लेकरासारखं धुतलं-पुसलं, ते तू पाहिलंस. पण जमीन तुटली तेव्हा त्यांच्यातलंही काहीतरी तुटलं, आणि ते दुखणं ते त्या तारेवर काढतात. डुकरं हे निमित्त आहे, असं मला हल्ली वाटतं. असं लिहितानाही भीती वाटते.

मग आईंकडे गेले. त्या वाती वळत होत्या. मी सगळं सांगितलं, पेटी, तार, बकरीच्या पायावरचा वळ. त्यांना सगळं माहीत होतं. खिडकी काय माझ्या एकटीचीच आहे? म्हणाल्या, "माय, घरातली गोठ घरात राहू दे. अळीमिळी गुपचिळी. रातची तं असते थे तार, दिवसा काढतेच थो. कोन मरून राह्यलं?" आणि वात वळता वळता म्हणाल्या, "वैजीले नको लिहू." म्हणजे आपलं टपालही त्यांना ठाऊक आहे. त्यांनी दादांना सांगितलेलं नाही.

तू पत्रात लिहिलंस की वीज कार्यालयात तक्रार करते. आधी तीन दिवस विचार कर. लाइनमन मुन्ना दादांबरोबर पत्ते खेळतो. तक्रार आली की तो आधी फोन करून सांगेल, माणसं येतील तेव्हा पेटीत तार नसेल, आणि ती गेल्यावर पुन्हा लागेल. तक्रार कोणी केली हे मात्र दादांना लगेच कळेल. तू नाशिकला आहेस. मी इथे आहे. नको करूस, एवढं माझं ऐक.

कमलीबाईला मी स्पष्ट काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की नाल्याच्या अंगाने जात जा, धुऱ्यावर गवत माजलंय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाली. तिला कळलं आहे.

उज्ज्वला


मेडशी, २९ सप्टेंबर

प्रिय वैजू,

तुझी पाच वाक्यं मिळाली.

पहिली चार दवाखान्यातली. पाचवं असं: 'माझ्या वहिनीला माणूस मरेल हे दिसत होतं, पण तिने त्याकडे डोळेझाक केली.' इंग्रजीत ते अगदी निर्दोष उतरलं आहे. काळ बरोबर, शब्दयोगी बरोबर, उपयोग तर माझ्या वर्गातल्या कोणालाही जमला नसता इतका अचूक. शिक्षिका म्हणून पैकीच्या पैकी गुण दिले. मग शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुला राग यायचा हक्क आहे. पण तू तिथून लिहितेस आणि मी इथे रोज त्यांच्या ताटात वाढते. शहाणपण सांगायला अंतर लागतं. राग आला म्हणून हे लिहिलं असं समज, खोडत नाही.

तरी तुझ्या वाक्याने एक केलं. मी आता रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी खिडकीतून पेटीकडे पाहते. तार काढलेली दिसली की चहा ठेवते. न काढलेली दिसली तर ह्यांना आठवण करून देते. 'पेटी पाहा,' एवढंच म्हणते. ते उठतात, जातात, कोरड्या लाकडाने तार सोडवतात. दोघंही त्यावर बोलत नाही. नवरा-बायकोत असा एक करार झालाय म्हण.

तू पाच तारखेला सोंगणीला येणार, हे वाचून मात्र मी घाबरले आणि आनंदलेही. रूपलाने मजूर सांगून ठेवले आहेत. दादांना मी सांगितलं नाही, आईंना सांगितलं. म्हटलं, तुमची लेक येणार आहे, पहिला विळा तीच लावणार. त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. मग संध्याकाळी आपणहून विचारलं, "पांडवाची पूजा कोन करन?"

तुला आठवतं ना, सोंगणीच्या आधी धुऱ्यावरच्या बोरीखालच्या पाच दगडांना शेंदूर लावायचा, तांब्याने पाणी घालायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. त्या वावराच्या बाईने अनवाणी जाऊन करायचं. वाटणी झाली तेव्हा वावर तुटलं, पांडव काही तुटले नाहीत. ते तिथेच आहेत, दोघांच्या मध्ये. मागच्या वर्षी आपल्याकडून मी केली. तुझ्याकडून कोणीच केली नाही, कारण कमलीबाई म्हणाली की मालकीण असताना मी कशी करू?

या वर्षी तू कर. पण एक लक्षात ठेव. बोर तारेच्या अगदी लागून आहे, एक काडी तर दगडांच्या मागेच रोवली आहे. पूजा दिवसा कर, ऊन चढल्यावर. सध्या रात्रीची पाळी आहे, दिवसा तारेत काही नसतं. दिवसा भीती नाही.

आईंनाही मी हेच सांगितलं.

आशीर्वाद, मागितले नाहीस तरी.
वहिनी


४ ऑक्टोबर, दुपार

वैजू,

हे पत्र कमलीबाई तुला फाट्यावर देईल. एसटीतून उतरलीस की घरी येण्याआधी वाच. उभ्या उभ्या वाच, पण पूर्ण वाच.

भावकीतल्या हरिसिंग काकांनी तुला फोनवर आईची तब्येत बिघडली म्हणून सांगितलं. आई सकाळीच गेल्या. मला तसंच सांगायला लावणार होते, म्हणून मी फोन हातात घेतला नाही.

कसं झालं ते सांगते. काल रात्री दादांना कळलं की तू येतेस. कोणी सांगितलं माहीत नाही. ते जेवले नाहीत. आज अंधारातच मजूर पाहायला म्हणून शिरपूरकडे निघून गेले. सकाळी मी खिडकीतून पाहिलं, पेटीला तार तशीच होती. ह्यांना आठवण करून द्यायची तर हे घरात नव्हते. मी कधी तार सोडवली नाही, मला तिची भीती वाटते. मनात म्हटलं, लाइन संध्याकाळी येते, तोवर येतील ते. चहा ठेवला आणि शाळेत गेले.

आज शुक्रवार. पाळी आजपासून बदलली. दिवसाची झाली. ते मजुरांच्या नादात विसरले, मी चहाच्या नादात विसरले.

आई अंघोळ करून एकट्याच धुऱ्यावर गेल्या. ओलेत्याने, अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या. तुझ्याकडची पूजा करायला गेल्या होत्या, वैजू. कमलीबाई वावरात होती, तिने दुरून विचारलं तर म्हणाल्या की लेक दमून येईल, तिच्या आधी मी दगड धुऊन ठेवते. तिने थांबा म्हणून हाक मारली. आई म्हणाल्या, "दिवसा काय होते त्याले?" आणि वाकल्या.

रूपला पळत पेटीकडे गेला, लाकडाने तार तोडली. तोवर संपलं होतं. मला शाळेत निरोप आला तेव्हा मी पोरांना वाक्प्रचारच शिकवत होते. खडू हातात घेऊनच घरी पोचले.

दादा आले आणि आईच्या पायावर पडले. त्यांचं रडणं खरं होतं, तू त्यावर शंका घेऊ नकोस. मग हरिसिंग काका त्यांना बाजूला घेऊन गेले. मी दाराआड होते. काका म्हणाले, पोलिसात गेलं तर आई गेलीच, आता लेकही आत जाईल, आमची वाशिमच्या हॉस्टेलातली पोरं उघडी पडतील. साप चावला म्हणू आणि दिवस मावळायच्या आत उरकून घेऊ. वैजू नर्स आहे, तिने हात पाहिला तर ओळखेल. खरं सांगते, त्या वेळी मला पोरंच दिसली. मी गप्प बसले असते.

मग एकजण म्हणाला की पोस्टमॉर्टेम झालंच तर? तर काका म्हणाले, "काड्या कोनाच्या बाजूले हायेत? वैजीच्या. बटईवाला कोन हाय? रूपला. तार त्यानंच लावली म्हना. तांड्यावरच्या मानसाची गोठ कोन ऐकते?"

मी दादांकडे पाहिलं. वाटलं, आता हे नाही म्हणतील. ते खाली पाहत होते. मग होकाराची मान हलवली.

वैजू, मी या माणसाशी संसार केला आहे. त्या तारेपर्यंतचं सगळं मी समजून घेतलं होतं, तुझ्यावरचा रागसुद्धा. ती मान हललेली मला समजून घेता येत नाही. माझ्यातलं काहीतरी तिथेच थंड पडलं.

बाया आईंना अंघोळ घालायला निघाल्या. मी जाऊन आईंच्या उशाशी बसले आणि त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. तळवा काळा पडला आहे, बोटं तांब्या धरल्यासारखी वळलेली आहेत. म्हटलं, वैजू आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. दोनदा मला उठवायचा प्रयत्न झाला. दादा स्वतः आले. म्हणाले, "उजू, उठ." लग्नानंतर पहिल्या वर्षी म्हणायचे तसे उजू म्हणाले. मी उठले नाही.

हे पत्र मी त्याच जागी बसून, आईंच्या शेजारी, शाळेच्या वहीचं पान मांडीवर घेऊन लिहिते आहे. लोकांना वाटतं मी पाहुण्यांची यादी करते आहे.

कमलीबाई पाणी द्यायला आली तेव्हा तिच्या पदराआडून मी तिचा फोन घेतला आणि पोलिसांना लावला. समोरच्या माणसाने गावाचं नाव लिहून घेतलं, मयताचं नाव लिहून घेतलं. मग विचारलं, तार कोणी लावली?

आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. शाळेच्या कागदांवर लिहिते मी, पण उच्चारलेलं नाही. लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं होतं, तेव्हा तू माझ्या शेजारी बसून हसत होतीस. फोनवर माझी जीभ अडली. त्या माणसाने पुन्हा विचारलं, बाई, नाव सांगा, माहीत नसेल तर तसं सांगा.

समोर ओट्यावर ते बसले होते. त्यांना दिसत होतं की मी फोनवर आहे. कोणाशी, हेही कळलं असावं. ते उठले नाहीत, मला अडवलं नाही, नुसते पाहत राहिले.

मी म्हटलं, रामधन पुंजाजी. माझे मालक.

पोलिसांची गाडी निघाली असेल. तू आधी पोचलीस तर सरळ आत ये आणि आईंच्या दुसऱ्या बाजूला बस. या घरात माझ्या बाजूने बसणारं आता कोणी नाही.